माणसाचा जीव आणि चिंचपाड्याचा दवाखाना

पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते, तेव्हा पुष्कळदा त्याला ते कळतही नाही. दाताची खूण शोधून सापडत नाही. सूज नाही, आग नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळायला लागते. घरच्यांना वाटतं, रात्रीचं काही बाधलं असेल. मग मान धरवत नाही, थुंकी गिळता येत नाही, आणि शेवटी छातीचे स्नायू थकून श्वासच बंद पडतो.

असा रुग्ण वेळेत दवाखान्यात पोचला, तर घशात नळी घालून त्याला श्वास दिला जातो. व्हेंटिलेटर नसला तर रबरी पिशवी हाताने दाबायची. डॉक्टर-नर्स थकले की नातेवाईक बसतात, भाऊ दमला की मेहुणा. या काळात त्या माणसाकडे पाहिलं, तर तो गेल्यातच जमा वाटतो. डोळे मिटलेले, बाहुल्यांवर बॅटरी मारली तरी त्या आकसत नाहीत, चिमटा काढला तरी बोट हलत नाही. नवखा डॉक्टर मेंदू निकामी झाला असं सांगून मोकळा होईल. पण मण्यारीचं विष मेंदूपर्यंत जात नाही. नसेची टोकं जिथे स्नायूला आज्ञा देतात, तिथे ते घाव घालतं. ती टोकं पुन्हा तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत झालेलं नुकसान सापाच्या विषावरची लससुद्धा उलटवू शकत नाही. श्वास चालू ठेवायचा आणि वाट पाहायची, एवढंच हातात असतं. असे रुग्ण बरे होऊन घरी गेले की सांगतात, आम्हाला सगळं ऐकू येत होतं. खाटेपाशी उभं राहून कोण काय बोललं, हेही ते सांगतात.

नंदुरबार जिल्ह्यात हा प्रसंग नवलाचा नाही. एका बाजूला तापीचं खोरं, दुसऱ्या बाजूला सातपुडा, त्यात शेतातली, रानातली वस्ती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही साप या प्रदेशाचे जुने रहिवासी. नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर, चिंचपाडा नावाचं छोटं स्टेशन आहे. तिथे १९४२ पासून एक ख्रिस्ती रुग्णालय चालतं. माणसाचा जीव पवित्र आहे असं ख्रिस्ती धर्म म्हणतो, म्हणजे नेमकं काय म्हणतो, हे समजून घ्यायला मला रोमपेक्षा चिंचपाडा सोयीचं वाटतं. रोममध्ये हा विषय परिपत्रकांत भेटतो. चिंचपाड्याला तो खाटेवर भेटतो.

मूळ शिकवण बायबलच्या पहिल्याच अध्यायात आहे. देवाने मनुष्याला आपल्या प्रतिरूपात घडवलं, आणि तेही स्त्री व पुरुष अशा दोघांना, असं ‘उत्पत्ती’ सांगतं. आज आपल्याला हे गुळगुळीत वाटेल. पण ते लिहिलं गेलं त्या काळच्या मिसरात आणि मेसोपोटेमियात देवाचं प्रतिरूप म्हणवून घेण्याचा मान राजाचा होता. गुलामाला, विटा थापणाऱ्याला, बाळंतिणीला तो नव्हता. ‘उत्पत्ती’ने राजाचा किताब काढून सगळ्यांना वाटून टाकला. पुढे नवव्या अध्यायात, जलप्रलय ओसरल्यावर, माणसाचं रक्त का सांडायचं नाही याचं कारण पुन्हा तेच दिलं आहे: ज्याला मारता, तो देवाचं प्रतिरूप आहे. तो हुशार आहे, उपयोगी आहे किंवा आपल्या जातीचा आहे, म्हणून नव्हे.

नव्या करारात याला आणखी धार येते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव स्वतः माणूस झाला, आणि झाला तोही एका सुताराच्या घरी. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचं जे चित्र आहे, त्यात राजा विचारतो ते सगळं भुकेल्याविषयी, तहानलेल्याविषयी, उघड्याविषयी, आजाऱ्याविषयी आणि तुरुंगातल्या माणसाविषयी. त्या क्षुल्लक मानलेल्यांसाठी जे केलं, ते माझ्यासाठी केलं, असा त्याचा हिशेब आहे. लूकच्या दहाव्या अध्यायातला शोमरोनी तर मराठी ख्रिस्ती घरांत लहान मुलांनाही पाठ असतो. यरुशलेमहून यरिहोकडे उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला माणूस, त्याला बगल देऊन गेलेले दोन धर्मप्रतिष्ठित, आणि थांबलेला परका. या गोष्टीतला एक तपशील प्रवचनांत फारसा येत नाही. शोमरोनी सराईवाल्याला दोन दिनार देतो आणि वर सांगतो की जास्त खर्च आला तर परतताना भरीन. दिनार म्हणजे तेव्हाच्या मजुराची एका दिवसाची मजुरी. लूकने दयेबरोबर बिलाचाही आकडा लिहून ठेवला आहे. दवाखाना चालवणाऱ्यांना ही गोष्ट जास्त कळत असणार.

ही शिकवण पहिल्या ख्रिस्ती पिढ्यांनी ज्या जगात पाळायला सुरुवात केली, ते जग आपण समजतो तितकं दूरचं नाही. इसवीसनपूर्व १ मध्ये हिलारिऑन नावाचा एक मजूर इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाला कामाला गेला होता. त्याने घरी गरोदर बायकोला लिहिलेलं पत्र पपायरसवर टिकून राहिलं आणि उत्खननात सापडलं. पत्रात माया आहे, पैसे पाठवण्याचं आश्वासन आहे, आणि मध्येच सहज येऊन जाणारी एक सूचना आहे: मुलगा झाला तर ठेव, मुलगी झाली तर टाकून दे. तो काही क्रूर माणूस नव्हता. नकोसं मूल उकिरड्यावर टाकणं हा त्या समाजाचा रिवाज होता, कायद्याचीही त्याला हरकत नव्हती. ‘डिडाखे’ हे ख्रिस्ती मंडळीतलं अगदी सुरुवातीचं शिकवणीचं पुस्तक गर्भपाताला आणि जन्मलेल्या बाळाच्या हत्येला स्पष्ट मनाई करतं. रोमन साम्राज्यात बालहत्येला गुन्हा ठरवणारा कायदा व्हायला ३७४ साल उजाडलं.

त्याआधी तिसऱ्या शतकात मोठी साथ आली, तेव्हा अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने लिहिलं आहे की आपले लोक आजाऱ्यांपाशी थांबले आणि त्यांच्यातले कितीतरी त्यांच्याबरोबरच गेले. पुढे सम्राट जुलियन, जो ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक, त्याने आपल्या पुजाऱ्यांना खडसावलं की हे गालिली लोक स्वतःचेच नव्हे तर आपलेही गरीब पोसतात, याची लाज वाटू द्या. ३७० च्या सुमारास कॅप्पाडोसियातल्या कैसरिया शहराबाहेर बिशप बासिलने आजारी, निराधार आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी एक वसाहतच उभारली. इतिहासकार तिला पहिल्या रुग्णालयांत मोजतात. तिथून चिंचपाड्यापर्यंतचा रस्ता लांबलचक आहे, पण तो आहे.

या रस्त्यावरचा शेवटचा टप्पा अमेरिकेतून आला. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश प्रचारकाने १८९० मध्ये तिथे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन स्थापन केलं. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याची माणसं पश्चिम खानदेशात, म्हणजे आजच्या नंदुरबार-धुळ्यात आली. १९४९ मध्ये या मिशनचं नाव बदलून ‘द इव्हँजेलिकल अलायन्स मिशन’ झालं. भिल्ल, मावची, कोकणा, गावित अशा समाजांत त्यांनी काम केलं. परदेशी मिशनऱ्यांचे दिवस सरत आले, तेव्हा उत्तर भारतातली अशी रुग्णालयं बंद पडू नयेत म्हणून १९७० मध्ये ‘इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन’ ही भारतीय संस्था उभी राहिली. चिंचपाडा तिच्याच परिवारात आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात अशी एक पद्धत आहे की चर्चच्या शिफारशीवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याने शिक्षणानंतर ठरावीक काळ मिशनच्या रुग्णालयात काम करायचं. देशभरातल्या आडगावच्या मिशन रुग्णालयांना त्यातून तरुण डॉक्टर मिळत राहतात. त्यांतले काही मुदत संपल्यावरही थांबतात.

थांबलेल्यांचं काम कसलं, तर असं. साप चावलेला माणूस आला की त्याच्या हातातून दोन मिलीलिटर रक्त काढून स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घालायचं आणि नळी न हलवता वीस मिनिटं उभी ठेवायची. मग हळूच कलती करायची. रक्त गोठलं असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं, तर घोणस किंवा फुरशाचं विष रक्तात भिनलं आहे, आणि लस लगेच सुरू करायची. या चाचणीला यंत्र लागत नाही. घड्याळ आणि काचेचीच नळी लागते. प्लॅस्टिकच्या नळीत रक्त नीट गोठत नाही, म्हणून तिचा निकाल फसवा. लस सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या द्यावी लागते. हिशेब करणाऱ्याला इथे प्रश्न पडेल: डोंगरातून आलेल्या, खिशात काही नसलेल्या एका मजुरासाठी एवढ्या कुप्या? ख्रिस्ती शिकवणीत या प्रश्नाला जागाच नाही, आणि तिचं खरं वजन मला इथे जाणवतं. जीव पवित्र आहे म्हणणं सोपं असतं. तो पवित्र आहे म्हणून आठवी कुपी फोडणं महागात पडतं.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे लोक सुमारे ६९ टक्के. अक्कलकुवा आणि अक्राणी, म्हणजे धडगाव, या तालुक्यांतल्या कितीतरी पाड्यांवर अजून गाडी जात नाही. बाळंतिणीला बांबूच्या झोळीत घालून माणसं डोंगर उतरतात आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका जिथवर येते तिथवर चालत जातात. सरदार सरोवराने महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित केली. नर्मदाकाठच्या वस्त्यांपर्यंत सरकारला तरंगता दवाखाना न्यावा लागला. दिवाळीनंतर हजारो कुटुंबं ऊसतोडीला आणि मजुरीला गुजरातेत जातात. मुलाचं वजन कुठे करायचं, लस कुठे टोचायची, हे त्या महिन्यांत कुणालाच नक्की ठाऊक नसतं. कुपोषणाच्या बातम्या दरवर्षी येतात आणि दरवर्षी जुन्या होतात.

जीवाच्या पावित्र्याची ख्रिस्ती चर्चा बहुतेकदा दोन टोकांवर अडकलेली असते: एकीकडे गर्भपात, दुसरीकडे इच्छामरण. दोन्ही प्रश्न खरे आहेत. पण धडगावच्या पाड्यावर जीव जातो तो बहुधा या दोन टोकांच्या मधल्या भागात. तिसऱ्या महिन्यातल्या जुलाबाने, बाळंतपणातल्या रक्तस्रावाने, ‘रेफर’ केलेल्या चिठ्ठीसह रस्त्यात. त्या मरणावर चर्चच्या व्यासपीठावरून फारसं बोललं जात नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २५ मार्च १९९५ रोजी जीवनाच्या मूल्यावरचं ‘इव्हँजेलियम व्हिटे’ हे परिपत्रक काढलं. त्यात दारिद्र्य, भूक आणि युद्ध हेही जीवाविरुद्धचेच अपराध म्हणून येतात. पण लोकांच्या लक्षात राहिले ते मुख्यतः गर्भपाताचे आणि इच्छामरणाचे परिच्छेद.

इथे एक कबुली ख्रिस्ती परंपरेने द्यायलाच हवी. सातपुड्यात अजूनही एखाद्या बाईला डाकीण ठरवून मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, कधी जीवही घेतला जातो. घरात मूल दगावतं, गुरं मरतात, आणि बोट एखाद्या एकट्या, बहुधा जमिनीत वाटा असलेल्या विधवेकडे वळतं. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या प्रथेविरुद्ध जिल्ह्यात बरंच काम केलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, त्यानंतर जादूटोणाविरोधी कायद्याचा अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. डाकिणीची बातमी वाचून शहरी वाचक ‘मागासलेले’ असं म्हणून पान उलटतो. त्याने युरोपचा इतिहास वाचावा. पंधराव्या ते अठराव्या शतकात ख्रिस्ती युरोपने चेटकीण ठरवून चाळीस-पन्नास हजार माणसं मारली असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांत बहुतेक स्त्रिया. ज्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात प्रतिरूपाची गोष्ट आहे, त्याच पुस्तकातल्या ‘निर्गम’मधलं एक वचन न्यायाधीश पुढे करत होते.

तेव्हा विरोध करणारेही त्याच परंपरेतून निघाले. फ्रेडरिक श्पे हा जर्मन जेजुइट धर्मगुरू. फाशी द्यायला किंवा जाळायला नेल्या जाणाऱ्या बायकांचे कबुलीजबाब ऐकणं हे त्याच्याकडे आलेलं काम. ते ऐकून त्याची खात्री पटली की या बायका निर्दोष आहेत आणि छळ केला तर कुणीही काहीही कबूल करेल. १६३१ मध्ये त्याने ‘काउटिओ क्रिमिनालिस’ हे पुस्तक नाव न घालता छापलं. नाव घालण्याची सोय नव्हती. शास्त्रात लिहिलेलं असणं आणि माणसांनी ते पाळणं यांत शतकं जातात, आणि त्या शतकांची किंमत कुणीतरी बाई भरते.

आणि हे मोल फक्त ख्रिस्ती लोकांनाच उमगलं असंही नाही. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवांची मुलं मारली जाऊ नयेत म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्यासाठी त्यांना कोणत्याही चर्चचं सभासद व्हावं लागलं नाही. नंदुरबारच्या आदिवासींच्या बाबतीत तर एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. २०११ मध्ये जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९७८ स्त्रिया होत्या आणि राज्यात ९२९. सहा वर्षांखालच्या मुलामुलींतही इथलं प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा बरं. हिलारिऑनची सूचना सोनोग्राफीच्या यंत्रावर पाळणारी माणसं महाराष्ट्राच्या सुखवस्तू भागांत जास्त सापडली. त्यांना रोखायला महाराष्ट्राला १९८८ मध्ये देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा करावा लागला, केंद्राचा १९९४ मध्ये आला.

मिशनच्या दवाखान्यावर नेहमी होणारा आरोप धर्मांतराचा. नवापूर परिसरात हा विषय तापलेला असतो आणि तो झाकून ठेवण्यात अर्थ नाही. माझं मत असं की या आरोपाचं मोजमाप ख्रिस्ती शिकवणीच्याच फूटपट्टीने करावं. शोमरोन्याने जखमी माणसाला काही विचारलं नाही, सराईतून निघताना काही मागितलं नाही. ज्याला औषध द्यायचं त्याच्या श्रद्धेवर औषध अवलंबून ठेवलं, तर त्याचा जीव स्वतःच्या बळावर पवित्र उरला नाही. तो साधन झाला. अशी अट कुणी घातलीच, तर तो राज्यघटनेआधी प्रतिरूपाच्या शिकवणीशीच द्रोह ठरतो. उलट, रुग्णाने स्वतःहून काही विचारलं आणि डॉक्टरने आपण का थांबलो हे सांगितलं, तर त्यात कुणाचं काही जात नाही.

आता पुन्हा व्हेंटिलेटरकडे. जीव पवित्र आहे, म्हणजे तो कसंही करून लांबवत राहायचं का? इथे पुष्कळ जण फसतात, त्यांत श्रद्धाळूही आले. ख्रिस्ती विचारात जीव ही देवाची देणगी आहे, जीव म्हणजे देव नव्हे. दुसऱ्यासाठी स्वतःचा प्राण देणं या धर्मात सर्वांत मोठं प्रेम मानलं आहे. जीव हेच अंतिम मूल्य असतं तर ते शक्य नव्हतं. श्वास देणारी यंत्रं रुग्णालयांत नवी होती त्या काळात, २४ नोव्हेंबर १९५७ रोजी, भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना नेमका हाच प्रश्न केला. त्यांचं उत्तर असं होतं की नेहमीचे, रुग्णाला आणि घराला झेपणारे उपाय करणं कर्तव्य आहे; असाधारण, भार होणारे उपाय करणं बंधनकारक नाही. ते थांबवणं म्हणजे हत्या नव्हे.

हा भेद पुस्तकी वाटतो, पण एकाच वॉर्डात दोन खाटा शेजारी ठेवल्या की तो दिसतो. मण्यार चावलेल्या तिशीच्या माणसाला यंत्र लावणं साधा उपाय आहे. चार-आठ दिवसांनी तो उठणार आहे. तेव्हा नातेवाईक कंटाळले, पैसे संपले म्हणून नळी काढली, तर तो खूनच. शेजारच्या खाटेवर तोंडाचा कर्करोग गळ्यापर्यंत पसरलेला साठीचा माणूस आहे. तंबाखू आणि मिसरीच्या या प्रदेशात तो ओळखीचाच. त्याला यंत्र लावलं तर मरण फक्त लांबेल. त्याला मॉर्फिन हवं, जखमेचा वास कमी करणारी मलमपट्टी हवी, घरी जायला मिळायला हवं. यंत्र तेच, डॉक्टर तोच, धर्म तोच, आणि निर्णय उलटा. दोन्ही निर्णय एकाच तत्त्वातून निघतात: माणसाला टाकायचं नाही, आणि आपणच त्याच्या मरणाचे धनी आहोत असंही समजायचं नाही.

या दुसऱ्या खाटेच्या शास्त्राला उपशामक सेवा म्हणतात. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स या ख्रिस्ती डॉक्टरने १९६७ मध्ये सेंट ख्रिस्टोफर्स हॉस्पिस उघडलं, तिथून तिला आजचं रूप आलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस महाराष्ट्रातलं: मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये डॉ. एल. जे. डिसूझा यांनी सुरू केलेलं शांती आवेदना. इमॅन्युएलच्या रुग्णालयांनी हे काम २०१० पासून ललितपूरहून सुरू केलं आणि चिंचपाड्यातही ते चालतं. खेड्यात ते शहराहून अवघड. रुग्ण घरी, घर डोंगरात, आणि मॉर्फिन म्हटलं की परवान्याची कागदपत्रं.

मराठी वाचकाला या विषयावर आठवणार त्या अरुणा शानबाग. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांच्यावर हल्ला झाला, त्या अंथरुणाला खिळल्या, आणि मग चार दशकं तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी मागितलेलं दयामरण नाकारलं, पण काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट मोकळी केली. २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून पूर्वइच्छापत्राला मान्यता दिली. निष्क्रिय दयामरण हा शब्द बऱ्याच ख्रिस्ती विचारवंतांना आवडत नाही. पण निरर्थक उपचार थांबवणं आणि विषारी इंजेक्शन देणं यांतला फरक न्यायालयानेही पाळला, आणि तो १९५७ च्या उत्तरापासून फार लांब नाही. शानबाग प्रकरणात मला मोठी वाटते ती निकालापेक्षा परिचारिकांची पाळी. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं. इतक्या वर्षांत पाठीला जखम होऊ न देणं हे एखाद्या ग्रंथाएवढं आहे.

ख्रिस्ती लोकांत या सगळ्यावर एकमत आहे असं समजू नये. फाशीविषयी कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये आपल्या धर्मशिक्षणग्रंथात बदल करून ती अमान्य केली, पण अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या राज्याला तो अधिकार आहे असं मानतात. गर्भपाताबाबत कॅथलिक भूमिका सरसकट मनाईची, तर कित्येक प्रोटेस्टंट आईच्या जीवाला धोका असेल तिथे वाट ठेवतात. नवापूरच्या मंडळ्या प्रोटेस्टंट वळणाच्या. तिथे पाळकाचं मत आणि घरातल्या सासूचं मत बरोबरीने चालतं.

हे मतभेद नंदुरबारमध्ये ज्या प्रश्नावर खरे कसाला लागणार आहेत, तो प्रश्न आहे सिकलसेलचा. भिल्ल, पावरा, तडवी, मावची या समाजांत हा आनुवंशिक आजार बराच आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फुटतील अशा कळा येतात. आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन सदोष जनुक आले की आजार होतो. एकच आला तर माणूस वाहक, आणि वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षणही मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या प्रदेशांत हा जनुक टिकून राहिला. दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक खेपेला आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली: ७ कोटी लोकांची तपासणी, आणि २०४७ पर्यंत निर्मूलन.

निर्मूलन आजाराचं करायचं की आजारी बाळांचं, इथे सगळी गाठ आहे. पोटातल्या बाळाला सिकलसेल आहे का हे आता तपासता येतं, आणि २०२१ ची सुधारणा झालेला कायदा काही परिस्थितींत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताला परवानगी देतो. ख्रिस्ती भूमिकेतून हा मार्ग कठीण आहे, कारण प्रतिरूपाला निरोगी रक्ताची अट नाही. पण नुसतं ‘नको’ म्हणून चर्च मोकळं झालं, तर ते त्या आईला यरिहोच्या वाटेवर सोडून जाणाऱ्यांतलंच एक होईल. जन्मलेल्या मुलाला लहानपणी पेनिसिलिन लागेल, न्यूमोकॉकसची लस लागेल, पुढे रोजची हायड्रॉक्सियुरियाची गोळी, कळा आल्या की सलाईन आणि रक्ताची बाटली. औषधं महाग नाहीत, पण ती कधी चुकायला नकोत. आणि ऊसतोडीच्या महिन्यांत ती चुकतात.

याहून आधीचं एक पाऊल आहे, आणि तिथे कुणाच्या गर्भाला हात लावावा लागत नाही. ख्रिस्ती मंडळ्यांत लग्न ठरलं की ते उपासनेत आधी जाहीर करायची पद्धत आहे, कुणाची हरकत असेल तर कळावं म्हणून. त्या जाहीर करण्याच्याही आधी, सुपारी फुटायच्या आत, पाळकाने दोघांचा सिकलसेल तपासणीचा कागद पाहायला मागावा. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पहिली चाचणी होते, शंका आली तर पुढची. सरकारी आरोग्य केंद्रात ती फुकट आहे. दोघेही वाहक निघाले तरी लग्न मोडायलाच हवं असं नाही. पण मूल होण्याआधी दोघांनी डॉक्टरसमोर बसून एकदा सगळं समजून घ्यावं, आणि त्या बैठकीला गावच्या आशा कार्यकर्तीलाही बोलवावं, कारण पुढची वीस वर्षं गोळ्यांचा हिशेब तीच ठेवणार आहे.